जैतुनबीचा राजीनामा

‘नगरपालिका आणि गावातले नाना धर्मांचे, नाना भाषांचे लोक’ असा विषय संपादकांनी कळवला आहे. सोबत असंही लिहिलं आहे की अंक दिवाळीचा असल्यामुळे लेख शक्यतो आनंदी असावा. विषय मी घेतला आहे. आनंदाचं जमलं तर बघू.

मी आयुष्यभर सॅनिटरी इन्स्पेक्टर होतो. लोक समोर साहेब म्हणत आणि पाठ वळली की नालीसाहेब. नाव चुकीचं नव्हतं. नाल्या, नळ, मटणाची दुकानं, जत्रेतले तात्पुरते संडास, मसणवट, कबरस्तान, पटकीचे दिवस आले की विहिरींत पावडर टाकणं, हे सगळं माझ्याकडं. माणूस जन्मला की आधी आमच्याकडं आणि मेला की शेवटी आमच्याकडं, मधल्या काळात तो आम्हाला शिव्या देत असतो. आदल्या दिवशी गावात कोणाचा सण होऊन गेला हे मला सकाळी नाली पाहून सांगता यायचं. ताजियाची चमकी, होळीचा गुलाल, लग्नसराईतल्या पत्रावळी, सगळं वाहत एकाच पुलाखाली येऊन अडायचं आणि माझी माणसं ते बांबूनं मोकळं करायची. सर्वधर्मसमभाव म्हणून जे काही असतं ते मी तिथं उभं राहून शिकलो.

आमच्या पट्ट्यात नगरपालिकेला कमेटी म्हणत. ज्या कमेटीत मी होतो तिचं नाव लिहीत नाही. पांढुर्ण्याचे लोक म्हणतील ही सौसरची गोष्ट आहे, सौसरचे म्हणतील पांढुर्ण्याची असेल, आणि दोघंही मनात ओळखतील. बाहेरच्या वाचकांनी एवढंच ध्यानात ठेवावं की मी नोकरीला लागलो तेव्हा आमची राजधानी नागपूर होती, कापूस नि संत्री नागपूरला जात, सोयरीक नागपूरकडं होई, आणि कमेटीचं कामकाज थोडं मराठीत, थोडं हिंदीत, नि पुष्कळसं तोंडी चाले.

या कमेटीची एक दाई होती. दाई म्हणजे सुईण, बाळंतपण करणारी. तिचं नाव जैतुनबी. उंच, काळी, तोंडात कायम तंबाखू, नऊवारी लुगडं, आणि खांद्याशी पदरावर टाचलेला कमेटीचा पितळी बिल्ला. बिल्ला ती चिंचेनं घासून इतका लखलखीत ठेवी की लांबून आधी तो दिसे आणि मग ती. तिची सासूही कमेटीची दाईच होती. अर्धं गाव सासूच्या हातचं नि पुढचं अर्धं सुनेच्या. बोलणं इतकं अस्सल वऱ्हाडी की तिच्याशी भांडताना कुणब्यांच्या बायकांनाही जपून भांडावं लागे.

तिचा एकच नियम होता आणि तो तिनं कमेटीला न विचारता केला होता. जिचा निरोप आधी येईल तिच्याकडं आधी जायचं, आणि एकदा बाईजवळ बसलं की ती मोकळी झाल्याशिवाय उठायचं नाही. मालगुजाराची सून असो की मेहतराची लेक. कमेटीच्या सभेत समतेवर जी भाषणं होत त्यांपैकी एकही मला आज आठवत नाही. हा नियम आठवतो.

स्वातंत्र्य मिळालं आणि वर्षभराच्या आतच सिंधी आले. पांढुर्ण्याच्या ठेसनावर उतरले, तिथून बैलगाड्यांनी आमच्याकडं. कमेटीनं त्यांना एका बंद पडलेल्या जिनच्या गोदामात ठेवलं. जिन म्हणजे सरकी काढायचा कारखाना. कोपऱ्याकोपऱ्यांत जुना कापूस अजून चिकटलेला, आणि लोक त्यातच चुली मांडून बसलेले. आमचे मेंबर त्यांची विचारपूस करायला गेले. मेंबरांत वसंतराव नावाचे एक चाळिशीतले गृहस्थ होते, कापसाची अडत, बोरगावकडं संत्र्याची बाग, आणि बोलायला फार गोड. बाकीचे मेंबर सभेत त्यांच्याकडं पाहून हात वर करत. एका सिंधी म्हातारीनं या पाहुण्यांपुढं ताटलीत भाजलेले पापड ठेवले नि पाण्याचे पेले. पाहुण्याला पापड-पाणी देणं ही त्यांची रीत होती. वसंतरावांना वाटलं आपली थट्टा चालली आहे. एवढे गावचे मेंबर आपण होऊन आले आणि बाई नुसता पापड दाखवते, असं म्हणून ते उठले, आणि त्यांच्यामागं सगळे उठले.

जैतुनबी मी सोबत नेली होती, कारण गोदामात एक बाई दिवसांची होती. जैतुनबी खाली बसली, पापड मोडून खाल्ला, पाणी प्यायली आणि म्हातारीशी बोलायला लागली. सिंधी तिला येत नव्हतं, पण घरी तिच्याकडं उर्दू बोलत, त्या उर्दूवर तिनं भागवलं. म्हातारी रडायला लागली. जैतुनबी मला म्हणाली की मेंबर लोकांना पापड पचत नाही असं म्हातारीला सांगितलं आहे, तुम्ही तरी एक खा. मी खाल्ला.

महिनाभरानं ती बाई बाळंत झाली, मुलगी झाली. दुसऱ्याच तासाला जैतुनबी ऑफिसात माझ्यापुढं उभी. आता इथं धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. मुलामागून वार पडते, ती नाळेसकट पुरावी लागते. कमेटीचा नियम असा होता की ती वस्तीबाहेर पुरावी, रोगराई होऊ नये म्हणून. हा नियम माझ्या डोळ्यांदेखत रोज मोडला जाई. प्रत्येक घर आपापल्या परसात पुरी आणि मी दुसरीकडं बघे. त्या सिंधी बाईला परसच नव्हतं. ती धाय मोकलून रडत होती की मुलीची नाळ पुरायला आपल्या नावची जागा नाही. मी साहेब असल्यामुळे नियम सांगितला. जैतुनबी म्हणाली, "इन्स्पेक्टरभाऊ, गावाबाहेर तं ते हायेतच. ज्याची नाळ बी गावाबाहेर पुराची, तो गावचा कवा होईन?"

मी तिच्याबरोबर गेलो आणि जिनच्या विहिरीमागं कडुलिंबाखाली जागा दाखवली. पुढच्या सभेत वसंतरावांनी विचारलं की कमेटीची जमीन इन्स्पेक्टर कोणाच्या हुकमानं वाटतो, उद्या तिथं हे लोक देऊळ बांधतील. मी म्हटलं हातभर खड्डा आहे, देऊळ मावायचं नाही. सभा हसली म्हणून मी वाचलो. नगरपालिकेनं निरनिराळ्या समाजांना काय आधार दिला असं संपादक विचारतात. माझ्या हातून दिला गेलेला सगळ्यात मोठा आधार म्हणजे तो खड्डा. ती मुलगी आमच्या मराठी शाळेत शिकली आणि आता तिची मुलं गावात दुकानं चालवतात.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याच्या गोटमारीला, म्हणजे दगडफेकीच्या जत्रेला, आजूबाजूच्या कमेट्यांची माणसं मदतीला बोलवत. जैतुनबी मलमपट्टीला यायची. नदीच्या एका काठाचे पांढुर्णेकर नि समोरच्या काठाचे सावरगावचे एकमेकांची डोकी फोडून घेत आणि मग एकाच सतरंजीवर शेजारी शेजारी बसून तिच्याकडून बांधून घेत. ती दोघांनाही सारख्याच शिव्या देई. बाळंतिणींना मात्र शिवी देताना मी तिला ऐकलं नाही. ती म्हणायची, पुरुष आपल्या हौसेनं रक्त काढतात, त्यांना काय गोड बोलायचं.

छप्पन साली राज्यांची नवी वाटणी झाली आणि नागपूर परकं झालं. विदर्भ मुंबईकडं गेला, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो, राजधानी भोपाळ. भोपाळला कोणत्या गाडीनं जातात हेदेखील आमच्यात पुष्कळांना ठाऊक नव्हतं. वसंतरावांनी बाजारचौकात सभा घेतली. त्यांचं ते भाषण मला पाठ आहे, कारण पुढं वीस-पंचवीस वर्षं तेच चाललं. आमची नाळ नागपूरशी जुळलेली आहे, ती तोडता येणार नाही, असं ते हात वर करून म्हणाले. टाळ्या पडल्या. माझ्या शेजारी जैतुनबी उभी होती. ती तंबाखू थुंकून म्हणाली, "याची नाळ माह्या सासूनं पुरली. बाजारातल्या घराच्या परसात हाय, पेरवाखाली. नागपूरले कवा गेली?"

खोटं कशाला बोलू, त्या दिवशी वसंतरावांचं भाषण मलाही आवडलं होतं. मराठी माणसाचं दुःख खरंच होतं. शाळांतले मराठीचे मास्तर कमी होत गेले, अर्ज हिंदीत द्यावे लागू लागले, आमची पोरं नोकरीला नागपूरला गेली तर तिथं त्यांना एमपीवाले म्हणत आणि भोपाळला गेली तर मराठे. हे सगळं झालं. पण त्या दुःखाच्या आडोशाला कोण काय करत होतं ते मी पाहिलं, आणि माझा राग तिथला आहे.

नवा सेक्रेटरी जबलपूरकडचा आला. माणूस सभ्य होता, नेमस्त, कामाला चोख. त्याला मराठी येत नव्हती. त्यानं पहिल्याच आठवड्यात चौकात बोर्ड लावला की नागरिकांनी सफाईची पूरी चेष्टा करावी. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. आमच्याकडं लोक बोर्डापुढं उभे राहून हसत, म्हणत, "सफाईची चेष्टा तं आमी आधीपासूनच करून राह्यलो." मी त्याला समजावलं तेव्हा तोही हसला आणि बोर्ड बदलला. सांगणारा असला की तो ऐकून घ्यायचा. हे मुद्दाम लिहितो, कारण पुढं जे झालं त्याचं खापर सगळ्यांनी त्याच्यावर आणि हिंदीवर फोडलं.

झालं असं. एका दुपारी वसंतरावांच्या दिवाणजींनी ऑफिसात येऊन सांगितलं की धाकट्या सूनबाईंना कळा सुरू झाल्या आहेत आणि दाई घरी नाही. शोध घेतला तर कळलं ती नदीपलीकडं वीटभट्टीवर गेली आहे. नदी ही कमेटीची हद्द. भट्टीवर सगळे गोंड मजूर, डोंगराकडून आलेले, त्यांच्या झोपड्या हद्दीबाहेर, म्हणजे त्यांना आमचा नळ नाही, झाडू नाही, दिवा नाही. मी सायकल काढली.

झोपडीच्या तोंडाशी बायका बसल्या होत्या. मी बाहेरूनच हाक मारून निरोप सांगितला. जैतुनबी हात पुसत दाराशी आली. म्हणाली, "हिचं पोट्टं आडवं हाय, भाऊ. मी आता उठलो तं दोघंबी जातीन." मी म्हटलं, वसंतरावांची सून आहे. ती म्हणाली, "मालूम हाय मले. तिले परवाच पाहून आलो मी. तिचं सरळ हाय, शेजारच्या म्हाताऱ्याबी करतीन. हे मोकळी झाली का येतो, सांगा त्यायले." आणि आत गेली. आमच्याकडं बायकाही ‘येतो, जातो’च म्हणतात.

मी तसंच जाऊन सांगितलं. वसंतराव ओसरीवर उभे होते. ते नुसते माझ्या सायकलीच्या चाकांना लागलेला नदीचा चिखल बघत राहिले. शेजारच्या म्हातारीनं बाळंतपण केलं, नातू झाला, बाई सुखरूप. भट्टीवरची गोंडीणही वाचली आणि तिचं पोरही. दिवेलागणीला जैतुनबी तशीच वसंतरावांच्या दारी आली, तेव्हा तिला बाहेरूनच सांगण्यात आलं की गरज नाही. गावभर पेढे वाटले गेले. ऑफिसातही आले. तिला कोणी दिला नाही.

मग तक्रार झाली. कमेटीचा पगार खाणारी दाई हद्दीबाहेरच्या लोकांसाठी हद्दीतल्या घराला ताटकळत ठेवते. तक्रार कायद्यानं बरोबर होती, हीच तिच्यातली मेख. सेक्रेटरीनं दोघांना समोर बसवून मिटवायचं ठरवलं. त्याच दिवशी मला ब्लीचिंग पावडर सोडवून आणायला सौसरला तहसिलीत पाठवलं गेलं. कोणी पाठवलं, कशाला पाठवलं, त्यात मी जात नाही. संध्याकाळी मोटारीतून उतरलो तर आमचा चपराशी रस्त्यावरच वाट बघत उभा होता. त्यानं सगळं सांगितलं.

सभेच्या खोलीत सेक्रेटरी, वसंतराव आणि आणखी तीन-चार मेंबर, सगळे आपल्याच भागातले. सेक्रेटरीनं तोड काढली ती अशी: दाईनं वसंतरावांची माफी मागावी, यापुढं हद्दीतल्या घराला आधी जावं, आणि विचारल्याशिवाय नदी ओलांडू नये. वसंतरावांनी मग तक्रार मागं घ्यावी. एवढं सांगून तो म्हणाला, "बस, आप दोनों राजीनामा कर लीजिए. बात ख़त्म."

आता मराठी वाचकाला हे सांगायला हवं की हिंदीत राजीनामा म्हणजे समेट, तडजोड. दोन्ही पक्ष राजी झाले म्हणून राजीनामा. कोर्टकचेरीतला नेहमीचा शब्द आहे. मराठीत मात्र राजीनामा दिला म्हणजे नोकरी सोडली.

जैतुनबीनं सेक्रेटरीकडं पाहिलं. मग खोलीतल्या एकेका मेंबराकडं पाहिलं. चपराशी म्हणाला, सावकाश पाहिलं. मग पदरावरचा बिल्ला काढला, टेबलावर ठेवला, "घ्या राजीनामा," म्हणाली आणि निघून गेली.

सेक्रेटरीला वाटलं बाई राजी झाली. बिल्ला रागानं ठेवला असेल, तो तिच्या घरी पोचवा म्हणाला, आणि सगळ्यांसाठी चहा मागवला. खोलीतले सगळे मेंबर दोन्ही भाषांत वाढलेले. वसंतरावांनी तर कापसाच्या दाव्यांत हिंदीतले किती राजीनामे केले असतील आणि मराठीतले किती नोकरांकडून घेतले असतील. एकानंही तोंड उघडलं नाही. चहा आला, सगळ्यांनी प्यायला. चपराशी म्हणाला, वसंतरावांनी बशीत ओतून, फुंकून फुंकून प्यायला. बशी खाली ठेवल्यावर ते हळूच म्हणाले की साहेब, आमच्या बोलीत तिनं नोकरी सोडली आहे, इतक्या लोकांदेखत सोडली आहे. चहा पिईपर्यंत गप्प आणि चहा झाल्यावर दुभाषा. असा दुभाषा मी दुसरा पाहिला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सेक्रेटरीपुढं उभा राहिलो आणि शब्दाचे दोन्ही अर्थ सांगून म्हटलं, बाईला तुमचा अर्थ कळला नाही. त्याचा चेहरा पडला. तो म्हणाला, तिला सांगा, एकदा येऊन एवढंच म्हणावं की समजण्यात चूक झाली, मी लगेच तिला कामावर घेतो. मी धावतच तिच्या घरी गेलो. ती दारात बसून तंबाखू मळत होती. मी सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "चूक नाई झाली म्हना सायबाले."

मी पुष्कळ विनवलं. विधवा बाई, मूलबाळ नाही, नोकरी गेली तर खाणार काय, हे सगळं तिला ऐकवलं. ती म्हणाली की साहेबांना नमस्कार सांगा. मला तिचा राग आला. हा ताठा तिला बुडवणार असं मी जाता जाता म्हटलंदेखील. ती हसली.

तिच्या जागी शिकलेली नर्स आली. तिला दोष देणार नाही, तिला हद्दीचा नकाशाच दाखवण्यात आला होता. भट्टीवरच्या बायकांनी अडलं तर नदी उतरून अलीकडं यावं, असं ठरलं. एका पावसाळ्यात जैतुनबी तापानं पडली असताना एक बाई तशी निघाली. पाणी कमरेएवढं होतं. ती या काठाला पोचायच्या आत गेली. आमच्याकडं तिची नोंदही झाली नाही, कारण मेली ती हद्दीबाहेर. तिच्या नवऱ्याला मी काय सांगितलं असेल ते मला आठवत नाही, आठवू नये असंच वाटतं.

जैतुनबी बरी झाल्यावर पुन्हा भट्टीवर जायला लागली, बिल्ल्याशिवाय. गावातल्या बायकाही तिलाच बोलवत, नर्सला कळू न देता. कोणी ज्वारी देई, कोणी लुगडं. त्या गोदामातले सिंधी तोवर बाजारात बसले होते, त्यांनी तिच्या घरी गूळ-तेल कमी पडू दिलं नाही. कमेटीनं ज्यांना आधार दिला म्हणून आम्ही मिरवत होतो, त्यांनी कमेटीनं टाकलेल्या बाईला आधार दिला.

आणि गावात काय झालं, तर गोष्ट झाली. राजीनाम्याची गंमत. पानठेल्यावर, लग्नाच्या पंगतीत, रामाकोन्याच्या जत्रेत, जो तो सांगे: सायबानं मागितली तडजोड आणि अडाणी बाई नोकरी सोडून बसली. लोक पोट धरून हसत. वसंतराव मात्र हसत नसत. ते दरवर्षी सौसरच्या मराठी मेळाव्यात हीच गोष्ट डोळ्यांत पाणी आणून सांगत. बघा, एका गरीब निरक्षर दाईची भाकरी एका हिंदी शब्दानं हिरावली, हे आपल्या मराठीचं या राज्यात झालं आहे. बायका डोळे पुसत. ती तक्रार कोणाची होती, चहा कोणी प्याला, हे त्या गोष्टीत कधी आलं नाही. मी पुढच्या रांगेत बसून ऐकत असे आणि आतल्या आत जळत असे. चारचौघांत मी बोललो की त्या खोलीतले सगळे जाणून गप्प बसले होते, तर लोक म्हणत, जाऊ द्या इन्स्पेक्टर, आपलाच माणूस आहे, भाषेसाठी एवढं करतो.

मी निवृत्त झालो. त्यानंतर एका वर्षी वसंतरावांचा निरोप आला. तेही थकले होते. मेळाव्यात जैतुनबीचा सत्कार करायचा ठरला होता, साडीचोळी, नारळ. भाषेपायी सोसलेली माउली म्हणून. तिला घेऊन येण्याचं काम माझ्याकडं, कारण माझं ती ऐकेल. मला वाटलं, चला, उशिरा का होईना, चार लोकांत तिचा मान होतो आहे. मी गेलो.

ती वाकली होती, डोळ्यांनी कमी दिसत होतं. बसायला सांगितलं, आणि ताटलीत पापड नि पेलाभर पाणी पुढं केलं. कोणाकडून शिकली ते सांगावं लागलं नाही. मी पापड खात खात सत्काराचं सांगितलं. माउली, सोसलेलं, सगळं. ती ऐकत होती.

"इन्स्पेक्टरभाऊ, माह्या घरी काय बोलतात?"

मी म्हटलं, उर्दू.

"मंग राजीनामा मले समजत नसन का?"

कचेरीतला तो शब्द मुळात उर्दूचाच. गोदामातल्या म्हातारीशी ती तासभर बोलत बसली होती, मी शेजारीच होतो. आणि इतकी वर्षं गावभर सांगत फिरलो की बिचारीला शब्द कळला नाही. हसणाऱ्यांनी तिला अडाणी ठरवलं, रडणाऱ्यांनीही तेच ठरवलं, आणि तिच्या बाजूनं भांडणाऱ्या मलाही दुसरं काही सुचलं नाही.

ती म्हणाली, "सायेब सीधा होता. त्यानं हिंदीतला मांगला. तो देल्ला असता तं नदी ओलांडाले परवानगी लागली असती. भट्टीवरची बाई काय परवानगीची वाट पाहीन? मी सगळ्यायच्या तोंडाकडं पाह्यलं, म्हटलं कोनी तरी आपल्यातला म्हनन, का हे अट बराबर नाई. कोनी नाई बोललं. मंग मी मराठीतला देल्ला. मराठी समजनारेच बसले होते, त्यायले बराबर समजला."

मी विचारलं, मग मला तेव्हा का नाही सांगितलं. ती म्हणाली, सांगितलं होतं की, चूक झाली नाही म्हणून. तुम्ही ऐकलं नाही, तुम्हाला माझी कीव करायची घाई होती. हे ती रागानं म्हणाली नाही. साडीचं विचारलं तर म्हणाली भट्टीवर पाठवा, तिथं आता दुसऱ्या बायका आल्या असतील, पण लुगडं लागतंच.

मी तिथून थेट वसंतरावांकडं गेलो. ओसरी तीच होती. त्यांना शब्दन् शब्द सांगितला. तिला दोन्ही अर्थ ठाऊक होते, तिनं तुमची अट नाकारली, तुमच्या तोंडाकडं पाहून नाकारली. मला वाटलं, आता हा म्हातारा रडेल किंवा निदान शिवी तरी देईल. मग ते खुर्चीत पुढं सरकले आणि हळू आवाजात म्हणाले, "इन्स्पेक्टर, हे कोनाले सांगू नोका. मराठीचं नुकसान होईन."

मेळावा झाला. जैतुनबी आली नाही. तब्येत बरी नसल्यामुळे माउली येऊ शकल्या नाहीत असं सांगून वसंतरावांनी गोष्ट पुन्हा तशीच सांगितली, आणि लोकांनी डोळे पुसले. आज दोघंही नाहीत. हद्द पुढं सरकून भट्टी आता गावात आली आहे आणि भट्टीच्या जागी प्लॉट पडले आहेत.

वसंतरावांचं मी इतकी वर्षं ऐकलं, कोणाला सांगितलं नाही. आता सांगतो आहे, आणि मराठीतच सांगतो आहे, कारण त्या खोलीत जे गप्प बसले त्यांची नातवंडं अजून मराठी वाचतात.